रोबोटचा नकाशा ॲपमध्ये घरच्यांना कळेल असा कसा दाखवायचा? (सोलापूरची घरं, ५ सेंमीचा ग्रिड)

होटगीरोड_डेव्ह यांचा प्रश्न

झाडू-पोछा करणाऱ्या रोबोटसाठी मोबाइल ॲप करतोय. रोबोट ३५ सेंमी व्यासाचा. वर २डी लिडार (लेझर फिरवून अंतर मोजणारा सेन्सर), त्याचा किरण फरशीपासून ९ सेंमीवर फिरतो. आत आरओएस २ (रोबोटचं सॉफ्टवेअर), स्लॅम टूलबॉक्स (नकाशा करणारा भाग) आणि नॅव्ह२ (वाट काढणारा भाग). नकाशा ग्रिड म्हणून, म्हणजे चौकटींच्या जाळ्यासारखा, ५ सेंमीला एक पिक्सेल असा येतो. चाचणी सोलापुरातच आहे: जुळे सोलापूरकडचे फ्लॅट, विजापूर रोडची रो-हाऊसेस आणि पूर्व भागातली जुनी घरं, जिथे एका बाजूला माग आणि दुसऱ्या बाजूला राहणं.

रोबोट चालतो ठीक. अडतंय ते नकाशापाशी.

१. कच्चा ग्रिड जसाच्या तसा दाखवला तर घरच्यांना काहीच उमगत नाही. वाकडा दिसतो, कडा कुरतडल्यासारख्या.
२. खोल्या आपोआप पाडताना फ्लॅटमध्ये हॉलचे तीन तुकडे होतात, आणि जुन्या घरात माजघर व स्वयंपाकघर एक होऊन बसतं.
३. देवघराभोवती ‘इथे जाऊ नको’ चौकोन काढला तरी रोबोट अर्धा आत शिरतो.
४. पुन्हा नकाशा केला की आधी काढलेले चौकोन भलतीकडे सरकतात.
५. पाणी येतं त्या दिवशी पॅसेजमध्ये पिंपं आणि घागरी असतात, आणि ॲपमध्ये तिथे भिंत उभी राहते.
६. काळ्या कडप्प्यावर रोबोट मागे फिरतो, नकाशात भोक दिसतं.

छान दिसणारा प्लॅन नको आहे. घरातल्या कोणालाही बघून कळावं की रोबोट कुठे जाईल आणि कुठे नाही.

---

ग्रिडकर

तुमचं शेवटचं वाक्य हीच खरी कसोटी, बाकी सगळं त्यावरून ठरवा. रोबोट ज्यावर वाट काढतो तो नकाशा आणि माणूस ज्यावर बोट ठेवतो तो नकाशा, हे वेगवेगळे ठेवा. तीन थर पुरतात. तळाशी ग्रिड, त्याला ॲपने कधीही हात लावायचा नाही. त्यावर खोल्या, बहुभुज म्हणून, मीटरमध्ये. सर्वांत वर माणसाने सांगितलेलं: बंदी असलेल्या जागा, उंबरे, देवघर, डॉक (रोबोट चार्ज होतो ती जागा). तेही मीटरमध्येच. पिक्सेलमध्ये काहीही साठवलंत की नकाशा मोठा होताना मूळ बिंदू (चित्राचा खालचा डावा कोपरा) हलतो आणि सगळं सरकतं. तुमच्या चौथ्या मुद्द्याचं निम्मं कारण बहुधा हेच आहे.

मीटरचं पिक्सेलमध्ये रूपांतर एकदा नीट लिहून घ्या. समजा मूळ बिंदू (−६.४, −४.२), रिझोल्यूशन पिक्सेलला ०.०५ मीटर आणि चित्राची उंची २४० ओळी. बिंदू (१.६०, ०.८०) चा स्तंभ: (१.६० + ६.४) ÷ ०.०५ = १६०. ओळ खालून (०.८० + ४.२) ÷ ०.०५ = १००, पण चित्राच्या ओळी वरून मोजतात, म्हणून २४० − १ − १०० = १३९. ही उलटापालट विसरली की घर आरशात पाहिल्यासारखं उलटं होतं. चौकोनी फ्लॅटमध्ये ते पटकन लक्षातही येत नाही, म्हणून चाचणी एल आकाराच्या घरात करा.

साठवताना एक खोच आहे. नकाशाच्या पीजीएम (चित्राच्या) फाइलमध्ये भिंत ०, मोकळी जागा २५४ आणि अज्ञात २०५ असते. ट्रायनरी (भिंत, मोकळं, अज्ञात एवढंच मानणाऱ्या) मोडमध्ये २०५ चं मूल्य (२५५ − २०५) ÷ २५५, म्हणजे ०.१९६ च्या किंचित वर येतं. सोबतच्या याम्ल सेटिंग फाइलमधला ‘फ्री थ्रेशोल्ड’ (ज्याच्याखाली जागा मोकळी धरतात तो आकडा) ०.२५ असेल तर अज्ञात जागा मोकळी म्हणून वाचली जाते. मग भिंतीपलीकडचं सगळं फरशी! तो ०.१९६ ठेवा.

आता खोल्या. क्रम असा:

१. फक्त विभागणीसाठी ग्रिडची वेगळी प्रत घ्या. तिच्यात भिंतीला न चिकटलेले अर्ध्या चौरस मीटरपेक्षा लहान अडथळे (टेबलाचे पाय, खुर्च्या, टीपॉय) मोकळे करून टाका. हॉलचे तीन तुकडे बहुतेक यांच्यामुळेच होतात.
२. प्रत्येक मोकळ्या पेशीचं (ग्रिडच्या चौकटीचं) जवळच्या भिंतीपासूनचं अंतर काढा. ८० सेंमीच्या दारात ते जास्तीत जास्त ४० सेंमी, म्हणजे ८ पेशी असतं. खोलीच्या मध्यात बरंच जास्त.
३. ९ पेशी किंवा त्याहून कमी अंतराची जागा पुसा. दारं तुटतात, खोल्यांची बेटं उरतात. त्या बेटांपासून वॉटरशेडने (बेटं पाण्यासारखी पसरवणाऱ्या पद्धतीने) परत भिंतीपर्यंत वाढवा.
४. इथे गंमत होते: ९० सेंमी रुंदीचा पॅसेजही पुसला जातो आणि शेजारच्या खोल्यांत वाटला जातो. म्हणून पुसलेल्या जागेत दीड चौरस मीटरपेक्षा मोठा आणि रुंदीच्या अडीच पटीहून लांब तुकडा सापडला तर वॉटरशेडच्या आधीच त्याला स्वतंत्र खोली करा.

जुन्या घरात दार रुंद असतं, कमान असते, दोन झडपा असतात. रुंदीवरून ते सापडत नाही. पण उंबरा असतो! आयएमयू (कल आणि हालचाल मोजणारा सेन्सर) बसवलेला असेलच. पुढचं छोटं चाक आणि मुख्य चाकं यांत १३-१४ सेंमी अंतर असेल तर दीड सेंमीच्या उंबऱ्यावर चढताना पिच (पुढे-मागे कल) साधारण ६ अंशांनी उसळतो. अशी उसळी एकाच रेषेवर दोन-तीन ठिकाणी आली की तिथे दार समजा आणि रेष मारा. माजघर-स्वयंपाकघराचा गुंता यातूनच सुटेल. उंबरा ३-४ सेंमीचा असेल तर रोबोट मुळात चढणारच नाही. तेव्हा ती रेष ‘ओलांडता येत नाही’ अशी दाखवा आणि पलीकडच्या खोलीसाठी ‘उचलून ठेवा’ असा पर्याय द्या.

एवढं करूनही आपोआप विभागणी पूर्ण बरोबर येणार नाही. ‘जोडा’ आणि ‘कापा’ ही दोन बटणं पहिल्याच दिवशी हवीत. खोल्या पाडण्याच्या अल्गोरिदमवर महिनाभर घालवणाऱ्यांनी आधी ही बटणं नीट करावीत असं माझं ठाम मत आहे.

कडा गुळगुळीत करायला डग्लस-पॉयकर (अनावश्यक बिंदू वगळणारी पद्धत), सहनशीलता ७ ते १० सेंमी. काटकोनापासून १० अंशांच्या आत असलेल्या भिंती काटकोनात ओढा, पण फक्त फ्लॅटमध्ये. पेठेतल्या घरांच्या भिंती खरोखरच तिरक्या असतात. त्या सरळ केल्या तर दोन खोल्या एकमेकींत घुसतात.

वाकडेपणासाठी भिंतींच्या रेषांच्या कोनांचा हिस्टोग्राम (कोणता कोन किती वेळा येतो त्याचा आलेख) काढा, सर्वांत उंच खांबाच्या कोनाएवढं चित्र फिरवा. फिरवायचं ते फक्त दाखवताना. ग्रिड फिरवलात तर पेशी पुन्हा मोजाव्या लागतात आणि पातळ भिंतींना भोकं पडतात. मुख्य दार खाली येईल अशी मांडणी लोकांना सर्वांत लवकर उमगते. दिशा मात्र फोनच्या होकायंत्रावरून घेऊ नका, स्लॅबच्या सळयांजवळ तो भरकटतो. ‘मुख्य दार कोणत्या दिशेला उघडतं?’ एवढंच विचारा. वास्तूच्या कृपेने प्रत्येक घरात ते एकाला तरी पाठ असतं.

---

कडप्पा_आणि_कोटा

फरशीबद्दल. रोबोटच्या पोटाखालचे पायरी ओळखणारे सेन्सर इन्फ्रारेड सोडतात आणि परत किती आलं ते मोजतात. काळा पॉलिश कडप्पा बराचसा प्रकाश गिळतो, उरलेला आरशासारखा दुसरीकडे फेकतो. सेन्सरला वाटतं खाली खड्डा आहे. राखाडी शहाबादीवर सहसा अडचण येत नाही. तिथे त्रास असतो तो सांध्यांचा: दरज खोल असेल तर चाक अडखळतं आणि ओडोमेट्री (चाकांवरून मोजलेलं अंतर) चुकते.

नकाशात ही जागा भिंत म्हणून नोंदवू नका. ‘कड जाणवली’ असा वेगळा प्रकार ठेवा. त्या बिंदूंनी सगळीकडून बंद आकार केला आणि भोवती फरशीच असेल तर बहुधा काळा पट्टा. मोकळ्या बाजूला नुसती रेष असेल तर बहुधा जिना. पण ॲपने स्वतः निर्णय घ्यायचा नाही. घरच्यांना विचारायचं: ‘इथे पायरी आहे की काळी फरशी?’ आणि ‘काळी फरशी’ असं उत्तर आलं तरी सेन्सर बंद करायचे नाहीत. त्यांच्यावर पांढरी टेप चिकटवायचा सल्ला नेटवर सर्रास मिळतो. माडी असलेल्या घरात हा रोबोट जिन्यावरून ढकलण्याचा प्रकार आहे. पुढच्या आवृत्तीत परावर्तनाऐवजी प्रकाशाला यायला-जायला लागणारा वेळ मोजणारे सेन्सर घ्या, रंगाचा परिणाम बराच कमी होतो.

दुपारी दारातून थेट ऊन फरशीवर येतं तिथेही सेन्सरचा रिसीव्हर भरून जाऊ शकतो. फक्त दुपारच्या फेरीत दिसणारी आणि सकाळी नसणारी ‘कड’ म्हणजे ऊन. प्रत्येक नोंदीला वेळ जोडलेली असेल तर हे लगेच पकडता येतं.

दुसरी बाब आरसे आणि काच. लोखंडी कपाटाच्या दारावरचा आरसा फरशीजवळ पोचत असेल तर लिडारला भिंतीमागे अख्खी खोली दिसते. सरकत्या काचेतून तो थेट गॅलरीत बघतो. उपाय सोपा: ‘लिडारने पाहिलेलं’ आणि ‘रोबोट प्रत्यक्ष फिरलेलं’ वेगळं ठेवा, आणि खोली म्हणून तेवढीच दाखवा जिथे चाकं गेली आहेत. नुसती पाहिलेली जागा फिकट.

९ सेंमीच्या खालचं लिडारला दिसतच नाही, हेही ध्यानात असू द्या. पाट, विळी, चपला, गुंडाळलेली चटई हे सगळं फक्त बंपरला कळतं. सोलापुरी चादर किंवा सतरंजी फरशीवर पसरलेली असेल तर ती चाकाखाली गोळा होते. चाकं फिरतात, रोबोट हलत नाही, नकाशात भिंत दुहेरी उमटते. पहिली फेरी मारताना अंथरूण-पांघरूण आणि चटया उचललेल्याच हव्यात.

---

अक्षरजुळणी

लेबलांविषयी थोडं. नाव बहुभुजाच्या गुरुत्वमध्यावर टाकू नका. एल आकाराच्या हॉलचा मध्य शेजारच्या खोलीत पडू शकतो. आतला जो बिंदू सर्व कडांपासून सर्वांत दूर असेल तो घ्या. ‘स्वयंपाकघर’ अडीच मीटरच्या खोलीत मावत नाही, तिथे ‘स्वयंपाक’ ठेवा किंवा नुसतं चित्र. देवनागरीत ओळीची उंची अक्षराच्या निदान १.४ पट ठेवा, नाहीतर ‘मोरी’ची वेलांटी आणि ‘बैठक’ची मात्रा कापली जाते.

नावांची यादी बंदिस्त करू नका. सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू लिहिणारी घरं आहेत. लिहिण्याची जागा मोकळी ठेवा आणि चारही लिप्यांचे फॉन्ट तपासा. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, लेबल मध्यावर बांधलेलं असेल तर अडत नाही. बोटाने दाबायची कोणतीही खूण ४८ डीपीपेक्षा (अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप) लहान नको. वयस्कर माणसांना नकाशा चिमटीने मोठा करायला लावणं चूक आहे. खोलीवर एक टिचकी मारली की ती निवडली जावी, बस्स.

रंग चारच पुरतात, शेजारच्या दोन खोल्या एका रंगाच्या होत नाहीत. बंदीची जागा नुसत्या लाल रंगाने दाखवू नका, तिरक्या रेघाही द्या.

---

होटगीरोड_डेव्ह

फ्री थ्रेशोल्ड खरंच ०.२५ होता, बदलला. दोन गोष्टी अजून राहिल्या आहेत: देवघरात अर्धा शिरण्याचं कारण, आणि पुन्हा नकाशा केल्यावर खोल्यांची नावं कशी टिकवायची.

---

ग्रिडकर

देवघर: नॅव्ह२ मधला कीपआउट (बंदीच्या जागांचा) फिल्टर तुम्ही ‘फिल्टर्स’च्या यादीत टाकला असणार. तिथे तो सगळ्या थरांनंतर लागतो, त्यामुळे त्याच्याभोवती इन्फ्लेशनचा फुगवटा (अडथळ्याभोवती सोडलेली सुरक्षित पट्टी) येत नाही. रोबोटचा मध्यबिंदू चौकोनाच्या कडेपर्यंत जातो आणि त्याचे १७.५ सेंमी आत राहतात. रांगोळी पुसायला तेवढं पुष्कळ झालं. हा फिल्टर ‘प्लगिन्स’च्या यादीत इन्फ्लेशनच्या आधी लावा. नाहीतर मास्क (बंदीच्या जागांचं चित्र) लिहितानाच प्रत्येक चौकोन २० सेंमीने वाढवा, पण दोन्ही एकदम नको, अरुंद पॅसेज बंद होतील. शिवाय फिल्टर ग्लोबल (पूर्ण वाट आखण्याच्या) आणि लोकल (जवळचे अडथळे टाळण्याच्या) अशा दोन्ही कॉस्टमॅपला लावा. फक्त ग्लोबलला लावलात तर वाट बाहेरून आखली जाते, पण ऐन वेळी अडथळा टाळताना रोबोट आत वळू शकतो. पडद्यावर मात्र माणसाने काढला तेवढाच चौकोन गडद दाखवा आणि खरोखर न झाडली जाणारी जागा फिकट पट्ट्याने, म्हणजे ‘कोपरा का राहिला’ हा फोन येत नाही. पुसण्यावरची बंदी आणि जाण्यावरची बंदी हे दोन स्वतंत्र प्रकार ठेवा. सतरंजीवर झाडू चालतो, ओला पोछा नाही.

पुन्हा नकाशा करताना शून्यापासून सुरुवात करूच नका. स्लॅम टूलबॉक्समध्ये जुना पोझ-ग्राफ (रोबोटच्या नोंदलेल्या जागांचं जाळं) चढवून डॉकपासून पुढे चालू करण्याची सोय आहे, ती वापरली की चौकट तीच राहते. डॉक हलवला असेल तर हे फसतं. म्हणून ॲपमध्ये ‘डॉकची जागा बदलली’ असं सांगायची सोय द्या, आणि डॉकला सरळ भिंत, दोन्ही बाजूंना अर्धा मीटर व समोर दीड मीटर मोकळं हवं हे बसवतानाच सांगा.

नवाच नकाशा करणं भाग पडलं तर: आधी दोन ग्रिड भिंतींवरून एकमेकांवर बसवा, फिरकी आणि सरक काढा, तीच बहुभुजांना व चौकोनांना लावा. मग जुनी आणि नवी खोली किती एकमेकींवर पडतात ते बघा. सामाईक क्षेत्र भागिले एकत्रित क्षेत्र ०.६ च्या वर असेल तर जुना क्रमांक आणि नाव नव्या खोलीला द्या. एका जुन्या खोलीचे दोन तुकडे झाले तर नाव मोठ्याला, लहानाला ‘नवी खोली’ म्हणा आणि विचारा. वेळापत्रक नेहमी खोलीच्या क्रमांकाला बांधा, नावाला नाही. बंदीचे चौकोन न विचारता कधीच टाकून देऊ नका. जुळवणी खात्रीची नसेल तर ते नव्या नकाशावर तुटक रेषेत ठेवा आणि घरच्यांनी मान्य करेपर्यंत रोबोटला डॉकबाहेर सोडू नका.

---

पेठेतला_माग

वरच्या एका गोष्टीशी मी सहमत नाही. नुसती पाहिलेली जागा फिकट दाखवणं, दुहेरी पट्टे, कड जाणवलेले बिंदू: घरच्यांच्या पडद्यावर यातलं काहीही नको. त्यांना तीनच अवस्था दाखवा: झाडेल, झाडणार नाही, आज पोचला नाही. तिसऱ्या अवस्थेवर टिचकी मारली की कारण एका ओळीत: ‘दार बंद होतं’, ‘उंबरा उंच आहे’, ‘वाटेत सामान होतं’. बाकी सगळं बसवून देणाऱ्या माणसासाठीच्या वेगळ्या पानावर.

पिंपांचं उत्तर पेशींच्या इतिहासात आहे. प्रत्येक पेशीसाठी शेवटच्या पाच फेऱ्या लक्षात ठेवा. चार किंवा पाच फेऱ्यांत अडथळा दिसला तर कायमचा, एक-दोन फेऱ्यांत दिसला तर तात्पुरता, आणि तीनवेळा असेल तर आधी जे होतं तेच राहू द्या. फक्त ज्या फेरीत लिडारचा किरण त्या पेशीपर्यंत पोचला तीच फेरी मोजा. पिंपामागे झाकलेली जागा ‘मोकळी दिसली’ म्हणून धरली तर उलटाच गोंधळ. तात्पुरते अडथळे वाट आखताना घ्या, खोलीचा आकार काढताना नको.

आणि खरं संकट पिंप नाहीच, पिंप लिडारला दिसतं. पाणी भरायचा पाइप दिसत नाही: दोन-अडीच सेंमी जाड, किरणाच्या खाली, चढायला अवघड, ब्रशमध्ये अडकायला सोपा. पाण्याचा दिवस वाराला बांधलेला नसतो, मध्ये काही दिवस जाऊन फिरत राहतो, म्हणून साप्ताहिक वेळापत्रकात तो बसत नाही. मुख्य पडद्यावर ‘आज पाणी आहे’ असं एक बटण द्या, जे त्या दिवसापुरता पॅसेज आणि मोरी वगळेल. दुसऱ्या दिवशी आपोआप सुटेल.

मागाच्या घरांत सुताचे तंतू, म्हणजे हवेत उडणारा कापूस, लिडारच्या फिरत्या डोक्यात आणि पोटाखालच्या सेन्सरवर बसतो. लक्षण असं की ‘कड जाणवली’ हे बिंदू एका जागी न येता घरभर विखुरलेले येतात. ते दिसले की नकाशा बदलायचा नाही, ‘खालचे सेन्सर कोरड्या कापडाने पुसा’ अशी सूचना द्यायची. मागाची खोली स्वतः कायमची बंद ठेवा, तिथे लोंबते धागे ब्रशला गुंडाळतात.

वीज गेली तर राउटर बंद पडतो, रोबोट बॅटरीवर चालत राहतो. ॲपमध्ये तेव्हा शेवटचा नकाशा दिसत असतो आणि लोक समजतात रोबोट तिथेच अडकलाय. नकाशावर ‘सकाळी १०:४० ची स्थिती’ असं ठळक लिहा आणि रोबोटची खूण राखाडी करा. डॉकलाही वीज नसते, रोबोट परत येऊन नुसता उभा राहतो. ही अवस्था ‘चार्ज होतोय’पासून वेगळी दाखवा. जाड दगडी भिंतींच्या घरात वाय-फाय मागच्या खोलीत पोचत नाही. मूळ नकाशा आणि बंदीचे चौकोन रोबोटमध्येच राहिले पाहिजेत, फोन फक्त बघायला आणि बदल पाठवायला.

माडी असेल तर मजला ओळखायचं काम रोबोटवर सोडू नका. वरच्या-खालच्या खोल्या एकसारख्या असतात आणि तो चुकीच्या मजल्यावर आत्मविश्वासाने जागा धरतो. ‘खाली / माडीवर’ अशी दोन मोठी बटणं, आणि उचलून ठेवल्यावर चाकं सुटल्याचा सेन्सर लागला की ॲपने तोच प्रश्न पुन्हा विचारायचा.

---

कडप्पा_आणि_कोटा

पेठेतला_माग, तीन अवस्थांचं पटलं. फिकट जागा बसवणाऱ्याच्या पानावरच ठेवा.

डेव्ह, प्रत्येक नव्या घरात नकाशा मान्य करण्याआधी टेपने दोन मापं घ्या: सर्वांत लांब खोलीची लांबी, आणि मुख्य दारापासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर. पाच मीटरला १० सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर चाकाचा व्यास किंवा दोन चाकांमधलं अंतर कॉन्फिगमध्ये चुकलेलं असू शकतं. पहिलं माप बरोबर आणि दुसरंच चुकलं तर उंबऱ्यावर चाकं घसरली आहेत, तेव्हा तेवढा भाग पुन्हा फिरवा. मापाच्या फेरीला पोछा कोरडा ठेवा, ओल्या पॉलिश फरशीवर चाकं घसरतात आणि दोन्ही मापं बिघडतात.